अक्काच्या फॅनचा पंचनामा

केशवापूर, हुबळी
शुक्रवार, १४ मे १९९३

तीर्थस्वरूप दाजींच्या पायांशी धाकटा मेहुणा सत्याप्पा याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्या हाताला वार्निश लागलं आहे, म्हणून कागदावर जिथे डाग दिसेल तिथे माझा हात टेकला होता असं समजावं). आम्ही सगळी खुशाल आहोत. तुमचा गुडघा कोल्हापूरच्या हवेत कसा आहे? आपली बाळंतीण यमुना आणि तुमचं नातवंड बरी आहेत हे अक्काच्या पत्रातून कळलं. बाळाचं रडणं खालच्या पट्टीतलं आहे असं तिनं लिहिलंय, त्यावरून छाती मजबूत दिसते. तुमच्या भगिनी मथुरावन्सं तिथून दोनच गल्ल्या पलीकडे राहतात, तरी अक्का त्यांच्याकडे फिरकली नसेलच. असो. त्यांचा विषय या पत्राच्या शेवटी येणार आहे, म्हणून पत्र एकट्यानं वाचावं. नेहमीसारखं चष्मा लावून मोठ्यानं वाचून दाखवू नये.

आता तुमच्या घराबद्दल. भिंती चारही जागेवर आहेत, कौलं जागेवर आहेत, तुळशीला पाणी मी रोज घालतो. स्वयंपाकघराच्या खिडकीचे दोन गज मात्र जागेवर नाहीत. गेल्या महिन्याच्या सव्वीस तारखेला भरदुपारी तुमच्या घरी चोरी झाली. पितळी घागर गेली आणि अक्काचा टेबलफॅन गेला. तुमचा रिटायर होताना मिळालेला कोट चोरानं कपाटातून काढून, उलटसुलट करून, परत खुंटीला टांगून ठेवला. (मनाला लावून घेऊ नका, उन्हाळ्याचे दिवस आहेत.) त्यानंतरच्या तीन पत्रांत मी अक्काला ‘फॅन मजेत आहे, दर आठवड्याला पाच मिनिटं फिरवतो’ असं लिहीत आलो. तो खरोखर फिरत होता, फक्त कुठे ते मला माहीत नव्हतं. ही चोरी माझ्या अकलेमुळे झाली, हेही आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला शोधत बसायला नको.

झालं असं, की तुम्ही गेल्यावर आमच्या भागात नवे इन्स्पेक्टर साहेब आले. माणूस तरुण आणि उत्साही. जनता आणि पोलीस यांच्यात स्नेह वाढावा म्हणून त्यांनी मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात सभा घ्यायला सुरुवात केली. पहिल्या सभेत चहा होता, म्हणून गर्दी बरी होती. साहेबांनी विचारलं की सुट्टीत बंद घरं फोडली जातात, त्यावर काय करावं, लोकांनीच सुचवावं. कुणी तोंड उघडेना. मला गप्प बसलेली सभा आणि बंद पडलेली मोटार दोन्ही बघवत नाहीत. मी उठलो आणि म्हटलं, बंद घराच्या दाराला पत्र्याची लहान पेटी टांगा, आत वही ठेवा, बीटच्या पोलिसानं दिवसातून दोनदा यावं आणि वेळ घालून सही करावी, म्हणजे तो आला की नाही ते घरमालकाला कळेल. टाळ्या पडल्या. आपले निवृत्त हेडमास्तर मुकुंदराव यांनी अनुमोदन दिलं आणि अक्षर सुवाच्य हवं अशी उपसूचना मांडली. साहेबांनी जागच्या जागी नागरिक समिती नेमली. अध्यक्ष मुकुंदराव, चिटणीस मी. (चौथीनंतर शाळेत न गेलेला माणूस हेडमास्तरांचा चिटणीस झाला, हे मी त्या दिवशी घरी बायकोला, शकुंतलेला, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागलो तेव्हा ती गिरणीत गेली.)

तर पेट्या झाल्या. रंगवायला बाबू पेंटरला दिल्या, कारण लॅमिंग्टन रोडवरच्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या आहेत. लाल पेटी, त्यावर पिवळी अक्षरं, कानडीत आणि मराठीत: ‘हे घर बंद आहे. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. येणाऱ्याने वेळ घालून सही करावी.’ बंद घरांची यादी चिटणीस या नात्यानं मीच सुवाच्य अक्षरात बाबूला लिहून दिली. पेट्या इतक्या देखण्या झाल्या की ज्यांची घरं बंद नव्हती त्यांनाही वाटलं, चार दिवस गावाला जावं. अख्ख्या केशवापुरात कुठलं घर कधीपासून कधीपर्यंत रिकामं आहे, हे आम्ही स्वतः रंगवून, दारावर टांगून, दोन भाषांत सांगितलं होतं, हे अध्यक्षांच्या, चिटणिसाच्या आणि पोलीस खात्याच्याही ध्यानात आलं नाही. ते एकट्या शकुंतलेच्या ध्यानात आलं होतं. पण ती समितीवर नव्हती.

सव्वीस तारखेला संध्याकाळी तुळशीला पाणी घालायला गेलो, तर खिडकी उघडी. मी आधी वही काढली. त्या दिवशी सह्या तीन. दोन आपल्या हवालदार बसण्णाच्या, घाईघाईत काढलेल्या. तिसरी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांची, इतकी वळणदार की खाली दोन रेघांची वेलबुट्टीही होती. मी वही घेऊन ठाण्यावर गेलो. बसण्णानं ती पाहिली आणि उलट खूष झाला. म्हणाला, दोनदाच्या ऐवजी तीनदा लक्ष ठेवलं गेलंय, यापेक्षा काय पाहिजे. तक्रार लिहून घ्यायला मात्र त्याचा हात चालेना. साहेबांचा जनता-पोलीस स्नेह-पंधरवडा चालू आहे, त्यात घरफोडी दाखवली तर साहेबांचं मन खट्टू होईल, असं त्याचं म्हणणं. शेवटी त्यानं ‘टेबलफॅन एक, घागर एक, हरवले’ असं लिहिलं. मी म्हटलं, बसण्णा, फॅन काय वाट चुकला? गज कापून खिडकीतून बाहेर पडला आणि घागर बरोबर घेऊन गेला? तो म्हणाला, ‘एन्री सत्याप्पा, काय हो, तुम्ही चिटणीस असून असं बोलता?’

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की अक्का कोल्हापूरहून परत यायच्या आत फॅन तिच्या उशाशी गेला पाहिजे, आणि त्या कागदावरचं ‘हरवले’ खोडून ‘चोरीला गेले’ झालं पाहिजे. तुम्हाला माहीतच आहे, दाजी, त्या फॅनशिवाय अक्काला झोप येत नाही. एकोणसत्तर साली तो जळाला, तेव्हा मी अठरा वर्षांचा. दुसऱ्याच्या दुकानात जळालेल्या मोटारींच्या तारा गुंडाळत होतो, आणि स्वतःच्या हातानं पहिल्यांदा भरलेलं वाइंडिंग ते. त्याचं डोकं डावीकडे वळलं की टक् असा आवाज येतो, आणि उजवीकडे परतताना म्हातारं माणूस जोत्यावरून उठावं तसा उसासा. तो दोष माझ्या हातचा. तो काढून देतो म्हणून मी कितीदा म्हटलं. अक्का म्हणते, राहू दे, तू जवळपास असल्यासारखं वाटतं. आता असा फॅन ‘हरवला’ म्हणून कसा सोडून देऊ?

मग मी शोधाला लागलो. शोध म्हणजे ऐकणं. माझं सगळं आयुष्य कानावर उभं आहे. रस्त्यानं जाताना कुणाच्या विहिरीवरच्या मोटारीचं बेअरिंग गेलंय ते मी तिच्या मालकाच्या आधी सांगतो. दुर्गदबैलातली झाडून सगळी जुन्या सामानाची दुकानं मी कान लावून फिरलो. दुकानदार फॅन चालू करायचे, मी डोळे मिटून उभा राहायचो, आणि नाही म्हणून पुढे जायचो. चौथ्या दिवशी एकानं शकुंतलेकडे माझ्या तब्येतीची चौकशी केली. धारवाडला मळमड्डीत एका निवृत्त प्राध्यापकांनी जुना फॅन घेतल्याचं कळलं, तर बस पकडून तिथे गेलो. फॅन आतल्या खोलीत होता आणि प्राध्यापक बाहेरच्या. फॅन ऐकायला मिळावा म्हणून मी दोन तास शिलालेखांबद्दल ऐकलं. तो फॅन दुसराच निघाला. शिलालेखांबद्दल काही विचारायचं असल्यास विचारा.

गेल्या रविवारी, नऊ तारखेला, स्नेह-पंधरवड्याची समारोपाची सभा होती. मांडव, खुर्च्या आणि फॅन भाड्यानं आणलेले. मागे बाबू पेंटरनं रंगवलेला कापडी फलक, त्याचं एक टोक सुटलं होतं म्हणून बाबू स्वतः शिडीवर चढून ते ठोकत होता. मुकुंदरावांनी पाऊण तास प्रास्ताविक केलं. मग साहेब उठले आणि म्हणाले की या पंधरवड्यात आपल्या भागात एकही घरफोडी झाली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या, आणि त्या शांततेत मला व्यासपीठावरून ऐकू आलं: टक्. मी डोळे मिटले. उसासा. पुन्हा टक्. साहेबांच्या डाव्या हाताला टेबलावर नवा निळा रंग दिलेला फॅन फिरत होता आणि साहेबांचे कागद उडवत होता.

मी उठलो. चिटणीस असल्यामुळे कुणी अडवलं नाही. व्यासपीठावर चढून मी फॅनपाशी कान नेला. साहेबांना वाटलं मी त्यांना वाकून नमस्कार करतोय, म्हणून त्यांनी भाषण थांबवून हात जोडले. मी म्हटलं, ‘साहेब, इदु नम्म अक्कन फ्यान री. हा माझ्या अक्काचा फॅन आहे.’ माईक चालू होता. ते थेट भाजी बाजारापर्यंत ऐकू गेलं असं नंतर कळलं.

बसण्णा धावत आला आणि माझ्या दंडाला धरून म्हणाला, टक् तर कुठलाही फॅन करतो. ते खरंच होतं. साहेबांनी मला शांतपणे विचारलं, पुरावा काय? मी म्हटलं, हा उघडा. आत कॉइलला सुती टेप नाही, हिरव्या चौकड्याच्या इरकली लुगड्याची पट्टी गुंडाळलेली आहे. नसेल तर ठाण्याला नवा फॅन माझ्याकडून, आणि चिटणीसपदाचा राजीनामा आत्ताच. स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात असतोच. साडेतीनशे माणसांसमोर मी तो फॅन उघडला. चोवीस वर्षांच्या वार्निशनं पट्टी काळी झाली होती, पण नखानं खरवडल्यावर खाली हिरवा चौकडा दिसला. सभा उभी राहिली. मुकुंदरावांनी तर चष्मा पुसून दोनदा पाहिलं.

मांडववाला खुर्च्या ओलांडून पुढे आला. तो म्हणाला, मी चोर नाही, मला हा फॅन बाबूनं विकला, घरचा जुना आहे म्हणून. सगळ्यांनी वर पाहिलं. बाबू शिडीवर होता. बसण्णानं आयुष्यातलं सगळ्यात हुशारीचं काम केलं. त्यानं शिडी धरून ठेवली. पळायला जागाच नसल्यामुळे बाबूनं आधी फलकाचा उरलेला खिळा ठोकला आणि मग तो खाली आला. यादी माझ्याच हातची, त्यामुळे त्याला काही शोधावं लागलं नाही. साहेबांनी वहीतल्या तिसऱ्या सहीबद्दल विचारलं, तर म्हणाला, ‘येणाऱ्याने सही करावी असं लिहिलं होतं ना, साहेब. मीच लिहिलं होतं.’ घागर त्याच्या घरी सापडली, तिच्यात टर्पेंटाइन होतं. मी चिंच लावून ती तीनदा घासली आहे, वास जाईल.

पेट्या त्याच संध्याकाळी उतरवल्या. साहेबांनी मला ठाण्यात बोलावून चहा दिला आणि मोठ्या मनानं कबूल केलं की ‘हरवले’ लिहिणं चुकलं. माझ्यासमोर त्यांनी ते खोडून ‘चोरीला गेले’ केलं आणि खाली सही केली. मला वाटलं, झालं आपलं काम.

अक्काला माझा नमस्कार. बाळाच्या कानाशी कुणी मोठ्यानं बोलू नये. कान ही मोठी इस्टेट आहे.

तुमचा आज्ञाधारक,
सत्याप्पा

ता. क. फॅन अजून ठाण्यातच आहे, पुरावा म्हणून. पुरावा चालू स्थितीत राहावा म्हणून बसण्णानं तो स्वतःच्या टेबलावर लावला आहे. तो सोडवायचा तर ती पट्टी आपल्याच लुगड्याची आहे असं अक्कानं स्वतः येऊन ओळखून सांगायला हवं, असं साहेब म्हणतात. इथेच मी अडकलो. अक्काचं ते हिरवं इरकली लुगडं, जे एकोणसत्तर साली दोरीवर वाळत असताना आतल्या पदरातून हातभर फाडलं गेलं, ते मी फाडलं होतं. टेप संपली होती, विकत घ्यायची ऐपत नव्हती, आणि वाइंडिंग अर्ध्यावर होतं. त्या महिन्यात मथुरावन्सं बाळंतपणाला तुमच्याकडे होत्या. त्यांनीच बाळोत्यासाठी फाडलं असं अक्कानं धरलं, आणि चोवीस वर्षं ती त्यांच्या दारात गेली नाही, त्यांच्या मुलाच्या लग्नालासुद्धा नाही. मी रोज सांगेन म्हणत होतो. मग दुकान झालं, घर झालं, आणि सांगायची लाज त्याहून मोठी झाली. तुम्ही तिला जेवण झाल्यावर सांगा. नाही, तुम्ही नकाच सांगू. सोबतचा बंद लिफाफा मथुरावन्संना द्या. त्यात माझी माफी आहे आणि सगळी हकीकत आहे. त्यांनीच जाऊन अक्काला सांगावं. तो मान त्यांचा आहे.

ता. क. दुसरा. साहेबांनी काल जबाब घेताना पेन उचलून हसत विचारलं, ‘लुगड्याचं काय लिहू सत्याप्पा? हरवलं म्हणून लिहू?’ मी म्हटलं, नाही साहेब, चोरलं असंच लिहा. चोराचं नाव, बापाचं नाव, गल्ली, सगळं सांगितलं आणि खाली सही केली. वेळही घातली.

ता. क. तिसरा. मथुरावन्संना घेऊन कुठल्या गाडीनं येता ते कळवा, मी स्टेशनवर येतो. फक्त डब्यातून आधी मथुरावन्संना उतरू द्या.