दोन डब्या, दोन सुना

१२ जुलै १९७१
कर्जतहून माझ्या क्षयाच्या गोळ्या आणल्या. दोन डब्या. डॉ. म्हणाले, दोन्ही रोज, एकदमच. घरी येते तर धाकटी जाऊ सुमन पण खोकतेय. नवी सून, माहेरी कळेल म्हणून तिला दवाखाना नको. सासूबाईंनी तिथंच वाटणी केली. "डब्या दोन, सुना दोन. भांडण नको." मी डॉ.चं सांगितलं. "त्याला काय जातंय बोलाया!"
मला मोठ्या, मळमळ आणणाऱ्या. तिला लहान. थोरलीनं सोसायचं.

६ ऑगस्ट
पोटात काही ठरत नाही. ताप रोजचाच. सुमनचा गेला. भाताच्या आवणीला शेतात उतरली. हे म्हणाले, सुमनला काय रंग आलाय! माझ्याबद्दल असं कधी...
बेबी आता तिच्याजवळ झोपते. माझी पोर. जळफळाट होतो नुसता.

गणपती
मोदक सुमनच्या हातचे. माझं ताट पडवीत. बेबी तिच्या मांडीवर. तोंड सुटलं माझं. "नेहमी तिलाच चांगलं का? डब्या बदला." सासूबाईंनी बदलल्या.

२ ऑक्टोबर
लहान गोळ्यांनी भूक लागते. ताप नाही. सुमन न्हाणीत ओकत होती. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१९ डिसेंबर
थुंकीत रक्त. परवा सुमनच्याही. आता कुठं लपवणार? दोघी कर्जतला. डॉ.नी गोळ्यांचं विचारलं. सासूबाईंनी वाटणीचं सगळं सांगितलं, वर अभिमानानं. डॉ. खुर्चीत मागं टेकले.
म्हणाले, "एका औषधानं बरेच जंतू मेले. जे त्याला दाद देत नव्हते ते उरले, तेच वाढले. मग औषध बदललंत, त्यातूनही तसेच उरले. दोन्ही एकदम घेतली असती तर एकातून सुटलेला दुसऱ्यानं मेला असता. आता दोघींवर दोन्ही फुकट."
बेबीला दोघींपासून लांब ठेवायचं. गेली आत्याकडे, लोधिवलीला. सुमनकडे पण नाही, एवढंच काय ते समाधान. मेली माझी जीभ, डब्या बदला म्हणाली.

८ जानेवारी
मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नवं औषध देतात. खाट एकच मोकळी. दुसरी कधी, डॉ.ना सांगता येत नाही. नाव उद्या द्यायचं. हे आणि भावजी अंगणात, कोणी कोणाकडे बघत नाही.
पडवीत आम्ही दोघीच. सुमन म्हणाली, "ताई, तुमी जा. बेबीला आई पायजे."
अंगाची आग झाली. हे पण तिनंच आधी म्हणावं? थोरली मी. मी म्हणायला हवं होतं. आता मी नको म्हटलं तरी मोठेपणा तिचा, गेले तरी तिचाच.
"तू जा" म्हणायला किती वेळ लागतो? ती अजून समोर बसलीय, तांदूळ निवडत. मी लिहितेय.