बाटलीवरची आई

१२ ऑगस्ट

प्रिय छोटू,

आशीर्वाद आहेतच, ते काही मागायला लागत नाहीत. तुझा मॅनेजर फोनवर तुला 'सर, सर' करतो, पण मला छोटूच जमतं, तेव्हा चालवून घे. तुम्ही सगळे मजेत असाल. असायलाच हवं, धंदा जोरात आहे म्हणे. इकडेही ठीक.

पेटी उघडून चमकला असशील. वाळवलेला पाला कुठे गेला? या खेपेला पाला नाही, नुसतं हे पत्र. फोन केला की मॅनेजर म्हणतो, "सर मीटिंगमध्ये आहेत." पण पाल्याची पेटी तू कुणाला हात लावू देत नाहीस, स्वतः फोडून आधी वास घेतोस, हे मला ठाऊक आहे. म्हणून हा खटाटोप.

गच्चीवरची झाडं बरी आहेत. अडुळसा माजलाय. गवती चहाला कुंडी पुरेना. ओव्याच्या पानांवर कीड पडली होती, ती एकेक पान पुसून काढली. आईनं नाही, मी. खालच्या मजल्यावरचा ड्रायव्हर काल नातीला घेऊन आला, पोरगी खोकून खोकून लाल झालेली. "आजी कुठायत?" म्हणाला. मीच अडुळशाची पानं वाफवली, रस काढला, मध घालून दिला. आई विचारायची तसं विचारलंही: ताप आहे का, धाप लागते का, लागत असेल तर आधी दवाखाना गाठ. हे विचारल्याशिवाय आई कुणाला पान देत नसे, आठवतं ना? तुझ्या काढ्याच्या बाटलीवर मात्र खोकल्यापासून रक्तदाबापर्यंत जगातले सगळे आजार बरे होतात, आणि वर आई हसतेय. तो फोटो माझ्या लग्नातला आहे. माझा खांदा कापून टाकलायस तू त्यातून.

पोस्टरही मागच्या महिन्यात पोचलं. आईनं लगेच भिंतीला लावलं. 'ऐंशी वर्षांत एकही गोळी घेतली नाही!' मी म्हटलं, "अगं, रोज सकाळी रक्तदाबाची घेतेस ती काय शेंगदाणा आहे?" तर हसली. "जाहिरातीत असंच लिहितात गं." मग तुझा फोन आला, की कॅमेरा घेऊन येतोय, हे वाक्य आईच्याच तोंडून हवं. तुला 'हो राजा, हो राजा' म्हणाली आणि फोन ठेवल्यावर ताटात नुसती बोटं फिरवत बसली.

"लोकांसमोर खोटं कसं बोलू?"

"मग नाही म्हणून सांग त्याला."

"त्याचा जीव गुंतलाय त्यात."

झालं, विषय संपला. आपल्या घरात तुझं नाव आलं की विषय संपतोच.

आता सांगते. पाल्याच्या गप्पा किती वेळ मारणार?

आईनं गोळी सोडली. माझ्या देखत तोंडात टाकायची, वर पाणी प्यायची, आणि मी कामाला निघाले की कुंडीत थुंकायची. मला कारखान्यात मशीनवर बसायची घाई, तिचं तोंड उघडून कोण बघतंय? माती उकरताना अर्धवट विरघळलेल्या गोळ्या सापडल्या, पण ते नंतर. आधी हे झालं, की गुरुवारी मी परत आले तेव्हा ती न्हाणीघराच्या दारात पडलेली होती. मला हाक मारायला गेली तर तोंड एकीकडे वळलं.

उजवा हात गेला. पाय ओढते. बोलते ते मला कळतं, दुसऱ्या कुणाला नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या का बंद केल्या? तर आई माझ्याकडे बघत, एकेक शब्द ओढत म्हणाली, "ऐंशी वर्षांचं खरं नाही... निदान आता गोळी घेत नाही... एवढं तरी खरं होईल." मी ते शब्द तेवढे डॉक्टरीणबाईंना सांगितले, त्यांना वाटलं, भ्रम झालाय. मी पुढे काही समजावलं नाही. लाज वाटली. तुझी.

तुझ्या मॅनेजरला मी सगळं कळवलं होतं. त्याचा मेसेज आला: "सर म्हणतात, काळजी घ्या. शूटिंग पुढे ढकलू. दवाखान्याचं बाहेर कुठे बोलू नका." छोटू, हे तू म्हणालास का रे? त्यानं मनचं घातलं असेल तर सांग, मी नाक घासून माफी मागेन.

आता घरी आणलंय तिला. आणि ती अजूनही गोळी घेत नाही. दात आवळून धरते. पाण्यात विरघळवून दिली तर थुंकली. मी ओरडले, रडले, एकदा चमचा फेकला भिंतीवर. शूटिंग रद्द नाही, पुढे ढकललंय, हे तिनं ऐकलंय ना! मीच मूर्खासारखा तो मेसेज मोठ्यानं वाचला. डावा हात हलवत म्हणते, "तो येऊन जाऊ दे." डॉक्टरीणबाई म्हणतात, दुसरा झटका आला तर हाती काही लागणार नाही.

न्हाऊ घालायला मी, कूस बदलायला मी, आणि ऐकायचं तुझं. हे काही मला आज कळलेलं नाही, आणि त्याचं भांडण आज करायचंही नाही. ती बरी झाली की करीन, सोडणार नाही तुला. कॅमेरा नको, मॅनेजर नको, फळांची टोपली तर मुळीच नको. एकटा ये, तिच्यासमोर बस, आणि म्हण, "आई, गोळी घे." दुसरं काही बोलू नकोस. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. यायला तोंड नसेल तर फोन कर, मी तिच्या कानाला लावते. मी मध्ये बोलणार नाही.

तुझी वाट ती बघतेय, मी नाही.

ताई