मम्मीशेजारची जागा

रत्नागिरी,
गुरुवार, २१ ऑगस्ट २०२५

प्रिय एस्तेर,

सकाळपासून पाऊस आहे. चर्चमध्ये दफनाची उपासना झाली, मग आम्ही वर सड्यावर दफनभूमीत गेलो. दुपारी घरी आलो, आंघोळ केली, कालचा भात फोडणीला टाकून खाल्ला आणि जरा पडलो. झोप लागली नाही. लाइट गेली होती ती आत्ता आली, म्हणून लिहायला बसलो आहे. माझी तब्येत बरी आहे. ज्याला माती दिली तो आपल्या ओळखीतला कोणी नव्हता, तेव्हा घाबरू नकोस. पात्रस मिंज नावाचा झारखंडचा माणूस होता, मिरकरवाड्यात बाळा तांडेलच्या बोटीवर खलाशी. त्याला आम्ही तुझ्या मम्मीच्या शेजारी ठेवलं. म्हणजे माझ्या जागेत. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर मी पाऊसपाण्याचंच लिहीत बसेन आणि कागद संपेल.

ती जागा तुला चांगली आठवत असेल, कारण तिच्यावरून तू फेब्रुवारीत कबरी खोदणाऱ्या सदूवर चिडली होतीस. सड्यावर वर वीतभर माती आणि खाली सगळा जांभा. एक खड्डा खोदायला माणसं दोन-दोन दिवस पहार मारतात. म्हणून नवरा-बायकोतलं एक गेलं की दुसऱ्याचाही खड्डा त्याच वेळी खोदून घ्यायचा आणि मऊ माती भरून ठेवायचा, ही आपल्या मंडळीची जुनी पद्धत. मम्मी गेली तेव्हा सदूने दोन्ही खड्डे खोदले आणि तू म्हणालीस, माझे पप्पा जिवंत आहेत, त्यांचा खड्डा आत्ता कशाला. मला मात्र तो बघून बरं वाटलं होतं. मी तेव्हा तुला ते बोललो नाही. आयुष्यभर मोजणीदार म्हणून दुसऱ्यांच्या हद्दी मोजल्या, हातभर बांधासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जाताना पाहिले, आणि मनात म्हणायचो, एवढ्याशा जमिनीचं माणसाला काय एवढं. त्या दिवशी कळलं. उपासना झाली की दर रविवारी मी वर जातो, हे तुला माहीत आहे. पण मी कुठे उभा राहतो ते कधी सांगितलं नाही. मी माझ्या जागेवर उभा राहून तिच्याकडे बघायचो. तिथून तिचा क्रूस अगदी शेजारी वाटतो, जसे काही आम्ही एका बाकावर बसलो आहोत.

पात्रसला मी दोनदा चर्चमध्ये पाहिलं होतं. मासेमारीची बंदी उठायच्या आधीच हे परप्रांतीय खलाशी बोटींची कामं करायला येतात, त्यात तो आला होता. मागच्या बाकावर बसायचा. गीताची चाल त्याला यायची, शब्द यायचे नाहीत, म्हणून तो स्वतःच्या भाषेत तेच गीत गायचा, आणि आपल्या कडव्यापेक्षा त्याचं कडवं लांब असल्यामुळे सगळे थांबले की त्याचा आवाज एकटाच पुढे यायचा. मग तो लाजायचा. एवढीच आमची ओळख. परवा कळलं की त्याला ताप आला, तो त्याने अंगावर काढला, कावीळ झाली आणि हॉस्पिटलात नेल्यावर तो गेला. त्याच्या गावचा एक खलाशी बरोबर होता, त्याने पात्रसच्या आईला फोन लावून दिला. एवढ्या लांब यायला तिला जमण्यासारखं नव्हतं. तिने एकच मागितलं, की जाळू नका, माती द्या आणि प्रार्थना करणाऱ्या लोकांत द्या. बाळा तांडेल हे सांगायला पाळकसाहेबांकडे आला. चर्चच्या पायरीवर चप्पल काढून उभा राहिला, आत येईना. म्हणाला, “आमच्यात असता तर मी सगळं केलं असतं ओ. तुमच्यातलं मला काय ठावं? पण पोर माझ्या बोटीवरचं, त्याला असा टाकून मी दर्यात कसा जाऊ?”

पाळकसाहेबांनी सदूला कुंपणाकडची, करवंदीच्या जाळीजवळची जागा दाखवली. सदू आणि त्याचा भाऊ काल सकाळपासून तिथे लागले होते. दुपारी मी वर गेलो तर खड्डा गुडघ्याएवढा झालेला, खाली सपाट कातळ आणि वर पाणी. ब्रेकर लावावा तर लाइट नाही. सदू पहार टाकून बसला होता. मला म्हणाला, “साहेब, ह्या पावसात ह्यो कातळ दोन दिवस तरी ऐकायचा नाय. आमी पाणी उपसू काय दगड फोडू?” शवपेटी चर्चच्या व्हरांड्यात होती आणि दोन दिवस थांबण्यासारखं नव्हतं. मंडळीतले चारपाच जण छत्र्या घेऊन उभे होते. त्यातल्या दोघांच्या अशाच भरून ठेवलेल्या जागा तिथे आहेत. कोणी आपली जागा देऊ केली नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पाळकसाहेबही कोणाकडे बघत नव्हते. मुद्दामच बघत नव्हते.

मग मी म्हणालो, “माझी उघडा.”

एस्तेर, कालपासून मी याच गोष्टीचा विचार करतो आहे. दुःख आहेच, पण त्याहून मला नवल वाटतं. हे मी म्हणालो कसा? मी पटकन काही बोलणारा माणूस नाही, तुला माहीत आहे. तुझ्या लग्नाला हो म्हणायला मला पंधरवडा लागला होता. इथे माझं वाक्य मलाच ऐकू आलं, दुसरं कोणीतरी म्हणाल्यासारखं. सदूने विचारलं, “आणि तुमी कुठं जाणार साहेब?” मी म्हणालो, बघू. तर तो पहार उचलत म्हणतो, “रिझर्वेशन सोडलात, आता वेटिंगवर ऱ्हावा.” सगळे हसले, मीही हसलो. त्या पावसात, त्या ठिकाणी.

चर्चला द्यायचा दशमांश मी नोकरी लागल्यापासून कधी चुकवला नाही. पगार झाला की आधी तो बाजूला काढायचा, मग घरखर्च. पण खरं सांगायचं तर त्याचं मला कधी काही वाटलं नाही. तो माझा नव्हताच, असंच मी धरून चाललो होतो. मम्मीची तऱ्हा वेगळी होती. ती शिल्लक राहिलेलं देत नसे, वापरातलं देई. एका नाताळाला आपल्याकडे कामाला येणाऱ्या यमुनाबाईच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते आणि घरात धड लुगडं नव्हतं, तर मम्मीने नाताळासाठी घेतलेली नवी साडी घडीसुद्धा न मोडता तिला दिली आणि स्वतः जुनी नेसून चर्चला आली. मी म्हणालो, अगं, जुनी द्यायचीस. तर म्हणाली, “अहो, जुनी द्यायची तर बोहारणीला देते की. भांडं तरी येईल.” मला तेव्हा हे हट्टीपणाचं वाटलं होतं. तिला देताना नक्की काय वाटायचं, हे मी कधी विचारलं नाही. आनंद व्हायचा का? की नंतर कपाट उघडल्यावर तिलाही चुटपुट लागायची? आता विचारायला ती नाही. मला तर आनंद झाला नाही. काल रात्री जेवणसुद्धा गेलं नाही. चांगलं केलं की मन शांत होतं असं लहानपणापासून ऐकलं, ते माझ्या बाबतीत तरी अजून झालेलं नाही.

आज उपासनेत पाळकसाहेबांनी त्या श्रीमंत माणसाची गोष्ट सांगितली, ज्याने स्वतःसाठी खडकात खोदून घेतलेली नवी कबर क्रूसावरून उतरवलेल्या प्रभूला दिली. सांगताना ते माझ्याकडे बघत होते, मी खाली बघत बसलो. मला संकोचही वाटला आणि एक भलताच प्रश्नही पडला. त्या माणसाला पुढे कुठे ठेवलं असेल? त्याबद्दल कुठेच काही सांगितलेलं नाही. मग वाटलं, त्याचं बरं होतं, तिसऱ्या दिवशी प्रभू उठला आणि त्याची जागा त्याला मोकळी परत मिळाली. पात्रस काही इतक्यात उठून जाणार नाही. एवढ्या गंभीर वेळी मला हसू आलं आणि मी खोकल्यासारखं केलं. मम्मी असती तर तिने कोपराने ढोसलं असतं.

माती देऊन झाल्यावर मी त्याच्या गावच्या खलाशाला बाजूला घेतलं आणि विचारत बसलो. मला उगाच वाटत होतं की मम्मीशेजारी कोण आहे ते नीट माहीत असावं. पात्रसच्या गावाला जंगल आहे, समुद्र त्याने इथे येईपर्यंत पाहिला नव्हता. बायको नाही, धाकटी बहीण शिकते आहे. बोटीवर सगळ्यांचा स्वयंपाक तोच करायचा. आणि गंमत म्हणजे त्याला मासे आवडत नसत. मासे उतरवायचा, निवडायचा, बर्फात घालायचा, दुसऱ्यांना रांधून वाढायचा आणि स्वतः डाळभात खायचा. मी म्हणालो, मग शेजारीणबाईंशी याचं कठीण आहे. बांगड्याशिवाय तिचा घास उतरत नसे. त्या बिचाऱ्याला काय कळलं कोण जाणे, पण तोही हसला.

आता जे लिहायचं टाळतो आहे ते लिहितो. शेवटच्या आठवड्यात मम्मी हॉस्पिटलात म्हणाली होती, मला वर सड्यावर एकटीला भीती वाटेल हो, तुम्ही शेजारीच याल ना? मी म्हणालो, येतो. तू तिचे पाय चेपत होतीस. तू ऐकलंस. त्या जागेवर माझा एकट्याचा हक्क नव्हता, अर्धा तिचा होता, हे मला काल ‘उघडा’ म्हणताना ठाऊक होतं. आपलं देणं आणि दुसऱ्याला दिलेला शब्द देऊन टाकणं यात हद्द कुठे घालायची, हे मला मोजता येत नाही. एवढंच मनाशी म्हणतो की ती तिथे एकटी नाही. मी यायचो तेव्हा आलो असतो, तोवर ती एकटीच होती. आता कोणीतरी आहे. हे खरं आहे, की मी नुसती मनाची समजूत घालतो आहे, ते तू सांग.

पावसाळा संपला की सदू कुंपणाजवळचा तो अर्धवट खड्डा पुरा करणार आहे. तो माझा. तिथून मम्मीचा क्रूस दिसतो, पण लांबून. वेळ येईल तेव्हा लोक सवयीने तिच्या शेजारी बघतील, तर तू त्यांना कुंपणाकडे ने.

आणि हे पत्र आजच का, ते. ‘माझी उघडा’ म्हटल्यावर पाळकसाहेब लगेच तयार झाले नाहीत. म्हणाले, आधी एस्तेरला फोन करा, तिचा होकार आल्याशिवाय मी हात लावू देणार नाही. मी फोन घेऊन फाटकापर्यंत गेलो. तुझं नाव काढलं. तू कामावर असशील, तू रडशील, आणि तू रडलीस की माझ्याने होणार नाही, हे मला कळत होतं. मी नुसताच उभा राहिलो आणि परत येऊन सांगितलं, तिचा होकार आहे. मी तुला फोन केलाच नव्हता, बाळ. पाळकसाहेब पुढच्या आठवड्यात सभेसाठी मिरजेला येणार आहेत आणि मुद्दाम तुझ्या घरी येऊन तुझे आभार मानणार आहेत. त्यांच्या आधी हे पत्र पोचावं म्हणून उद्या सकाळीच पोस्टात टाकतो. माझं मी दिलं, पण तुझं देणं मी तुझ्या वतीने द्यायला नको होतं, ते तसं देता येत नाही. त्यांना काय सांगायचं ते तू ठरव. माझा होकार नव्हता म्हणालीस तरी ते खरंच असेल, मला राग येणार नाही. मी स्वतःच्या तोंडाने रविवारी त्यांना सांगेनच. आता उठतो. सकाळची पँट बादलीत भिजत घातली आहे, ती घासून टाकतो. ही लाल माती एकदा वाळली की मग निघत नाही.

तुझाच,
पप्पा