आई असताना मिशी उतरली

अण्णा, आज सकाळी माझ्याच हातून माझी मिशी गेली. मुद्दाम नाही. तुमच्या वेळी आपल्या घरात ट्रिमर नव्हता, म्हणून सांगतो. न्हाव्याच्या मशीनसारखाच असतो, पण लहान, मुठीत मावणारा. दुकानात रांग लावून बसायला नको म्हणून सात रस्ता चौकातून सगळ्यांत स्वस्तातला आणला आणि तेव्हापासून दाढी घरीच करतो. त्याच्या पात्यावर प्लॅस्टिकचा एक कंगवा बसतो. तो असला की केस थोडे राखून कापले जातात, नसला की पातं थेट कातडीला लागतं. त्याचा खटका मोडल्यापासून मी तो रबर लावून वापरतोय. आज त्यात केस अडकले, म्हणून काढून बेसिनवर झटकला, तेवढ्यात धाकटीचा फोन आला. "दादा, आईचं हार्टचं ऑपरेशन उद्याच करायचं म्हणतायत. सकाळी पहिलंच." मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि ट्रिमर नाकाखाली लावला. कंगवा बेसिनवरच राहिला होता. आरशात बघतो तर अर्धी मिशी नाही. उरलेली अर्धी ठेवून तरी काय करणार?

ओठावर वारं लागलं आणि मला तुमचं ओसरीवरचं बोलणं आठवलं. मी कॉलेजला सोलापुरात होतो. सोबतच्या पोरांनी मिशा काढल्या म्हणून मीही काढली आणि शनिवारी तसाच गावी, मंद्रूपला आलो. तुम्ही ओसरीवर बसला होता. खालून वरपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, "आरं, मी मेलोय व्हय? बाप जित्ता हाय की अजून." आपल्यात आई किंवा बाप गेल्यावरच मुलगा मिशी उतरवतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण ते इतकं मनाला लावून घेतात हे तेव्हा कळलं. आईनं मला स्वयंपाकघरात चुलीमागं बसवून वाढलं, तुमच्या नजरेआड. तुम्ही बाहेरूनच सांगत होता, "बाजाराकडं फिरकू नगंस. लोकं मलाच इचारतील, कवा गेलासा म्हनून." आई पदर तोंडाला लावून हसत होती. मला हसू येत नव्हतं. दुसऱ्यांदा मिशी उतरली ती तुमच्यासाठी. ओढ्याच्या काठी न्हावी पाणी लावतोय, चुलते माझं डोकं धरून बसलेत, आणि केस उतरल्यावर डोक्याला नाही, ओठालाच गार लागतंय. तेवढंच त्या दिवसाचं लख्ख आठवतं. बाकीचं सगळं लोकांनी सांगितलेलं.

आज बायकोनं बाथरूमच्या दारातून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, हे काय करून बसलात! आजच?" मग माझा चेहरा बघून आवाज हळू केला. "येईल हो, पंधरा दिवसांत येईल. तोवर माझी काजळाची पेन्सिल आहे, काढून देऊ का?" ती गमतीनं म्हणाली, पण खरं सांगतो, मी क्षणभर विचार केला. शेवटी कपाटातून जुना मास्क शोधून काढला आणि तो लावून दवाखान्यात गेलो.

दवाखान्याच्या फाटकाजवळ चहा घ्यायला मास्क खाली केला. तिथं आपल्या भावकीतला एक चुलता उभा होता, आईला बघायला गावाकडून आलेला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हातातला केळ्यांचा पुडा खाली ठेवला. जवळ येऊन माझा दंड धरला. "कवा झालं रं? वैनी लई चांगली बाई हुती." अण्णा, आई वर, तिसऱ्या मजल्यावर, जिवंत, आणि हा माणूस ती 'हुती' म्हणतोय. "काका, आई आहे. ही मशीननं चुकून गेली," एवढं सांगायला मला किती वेळ लागला कोण जाणे. तो कसानुसा हसला, केळी माझ्या हातात दिली आणि वर न येताच निघून गेला. मी जिना चढत होतो, पण त्याचं वाक्य मागं राहत नव्हतं. एकदा बोललं गेलं ते गेलं, असं वाटत होतं.

आईनं मास्क बघितला आणि म्हणाली, "काढ की ते. मी आजारी हाय, तू न्हाय." मी खोकल्याचं सोंग केलं. तिनंच हात लांब करून तो खाली ओढला. धाकटी ओरडली, "दादा! काय केलंस हे!" आई बघत राहिली. मग म्हणाली, "म्या अजून हितंच हाय की रं. लई घाई झाली व्हय तुला?" शेजारच्या खाटेवरची बाई टाके धरून हसायला लागली. नर्सही हसली. मी मान खाली घालून केळी सोलत बसलो.

धाकटी खाली औषधं आणायला गेल्यावर आई हळू आवाजात म्हणाली, "पहाटं तुजे अण्णा आलते. सपनात."

"काय म्हणाले?"

"काय न्हाय. दारात हुबे हुते."

"मग गेले ना माघारी?"

"कुटं जात्यात! हुबेच हुते. कुनाची तरी वाट बघत असल्यागत." आणि तिनं डोळे मिटले. मी तिच्या पोटावरची चादर वरखाली होते का, ते बघत बसलो.

आता घरी येऊन स्वयंपाकघरात बसून हे लिहितोय. मला मनातलं कुणाजवळ बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. लिहून कागद तुमच्या फोटोजवळ ठेवावा, तेवढंच मन हलकं होईल, असं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता ध्यानात आलं की हे तुम्हाला कळायलाच नको. तुम्ही दारात उभे आहात, आणि ही मिशी उतरलेली बघून तुम्हाला वाटेल की आई निघालीच. मग तुम्ही हात पुढं कराल. ऑफिसात कुणी असं काही बोललं असतं तर मीच त्याला समजावलं असतं. म्हणून कागद ठेवत नाही. मघाशी बायकोनं तुमच्यापुढं दिवा लावला तेव्हा मी त्याच खोलीतून गेलो, अण्णा. तोंडावर हात धरून गेलो.