मानाची जागा शेवटची

मु. डोंगरपाडा, ता. नवापूर
सप्टेंबर, रविवार, उपासना आटोपून

मित्रवर्य इमॅन्युएलराव यांस,

वसतिगृहात तुझ्या शेजारी अंथरूण टाकणाऱ्या दानियलचा प्रेमपूर्वक सलाम. (वर 'राव' लावलं ते पत्राच्या मानासाठी. पुढे तुला तूच म्हणणार आहे.) सोनीबाईंना नमस्कार सांग. तुझ्या गुडघ्यांचं कसं काय? कानांचं विचारत नाही, कारण मागच्या नाताळात फोनवर मी तुझ्या प्रकृतीची चौकशी करत होतो आणि तू मला मासळीचे हाल सांगत होतास. शिवाय आमच्या पाड्यावर फोन लागतो तो फक्त टेकाडावरच्या पाण्याच्या टाकीपाशी. तिथे उभं राहून तुझ्यासारख्या माणसाशी बोलायचं म्हणजे घरातली गोष्ट सगळ्या शिवाराला सांगणं. म्हणून पत्र.

इकडे प्रभूच्या कृपेने सर्व ठीक आहे. भात पोटरीत आलं आहे. माझी दृष्टी जवळचं दाखवत नाही, पण लांबचं फार स्पष्ट दाखवते, इतकं की आपल्या शाळेची कौलं, तो गुलमोहर आणि हातातली छडी विसरून कविता म्हणणारे आपले सर मला रोज दिसतात. त्या सगळ्या कविता मी अजून म्हणतो. म्हैस बांधताना म्हणतो, कारण घरात आता ऐकणारं कुणी राहिलं नाही आणि म्हशीची तक्रार नाही. पुढे मी मास्तर झालो आणि सगळी नोकरी चौथीच्या पोरांना समुद्राच्या कविता शिकवण्यात गेली, समुद्र एकदाही न पाहता. पोरं विचारायची, गुरुजी, समुद्र केवढा असतो? रंगावलीला पूर आला की मी बोट दाखवायचो आणि म्हणायचो, असाच, पण परत घरी न जाणारा. तू मात्र मत्स्य खात्यात लागलास, थेट किनाऱ्यावर गेलास आणि निवृत्त होऊनही तिथेच राहिलास. एका वसतिगृहातल्या दोन मुलांपैकी एकाला कविता मिळाली आणि एकाला समुद्र, ही वाटणी कुणी केली कोण जाणे.

असो. सांगायचं आहे ते आशाचं. आशा माझी नात, ईश्वरची थोरली. तू तिला पाहिलंस ते तिच्या बाप्तिस्म्याला. तेव्हा तिने तुझा चष्मा ओढला होता आणि सोडला नव्हता. अजून तशीच आहे. ती नववीत असताना आमच्या जंगलजमिनीच्या दाव्याची सुनावणी होती. ईश्वर गुजरातेत कामावर, म्हणून सूनबाई रंजना गेली आणि सोबत आशा. तिथे एक वकीलसाहेब बराच वेळ रंजनाविषयी बोलले. चांगलं बोलले म्हणतात. पण रंजना समोर बसलेली असून तिच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. परतताना जीपमध्ये आशा म्हणाली, "मी वकील होणार, आणि आधी आईला विचारणार." त्यानंतर हा विषय आमच्या घरातून हलला नाही.

कायदा शिकायचा तर हल्ली आधी सीईटी नावाची परीक्षा द्यावी लागते. संगणकापुढे बसायचं, प्रश्नाखाली चार उत्तरं, त्यांतलं एक खरं. (उरलेली तीन खोटी आहेत हे ठाऊक असून ती मुलांपुढे मांडतात, याचं एक शिक्षक म्हणून मला वाईट वाटतं.) शिकवणी नवापुरात नाही, नाशिकला पाठवायची ऐपत नाही, तेव्हा शिकवणी मीच घ्यायची असं मी ठरवलं. आशाने हरकत घेतली नाही. तिने नुसतं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

पहिली अडचण आली ती कायद्याच्या प्रश्नांत. त्यांत सगळीकडे 'क' आणि 'ख' नावाची माणसं असतात आणि त्यांचं एकमेकांशी कधी पटत नाही. एक प्रश्न असा, की 'क'च्या बांधावर मोहाचं झाड आहे, फुलं 'ख'च्या शेतात पडतात, 'ख'ने ती वेचली. ही चोरी का? मी आशाला विचारलं, "'ख'च्या घरी त्या साली काही कार्य होतं का?"

"आजोबा, 'ख'ला घर नाही. तो फक्त 'ख' आहे."

"घरही नाही? मग वेचू दे की बिचाऱ्याला!"

"प्रश्नात नाही ते आणायचं नसतं."

तुला सांगतो, इमॅन्युएल, तो 'ख' पुढे कितीतरी दिवस माझ्या मनातून गेला नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत एकदा त्याचं नावही घेतलं. ती सराव परीक्षा आशाबरोबर मीही सोडवली, तीत मला तिच्या निम्मे गुण पडले, कारण बऱ्याच ठिकाणी मी खाली पाचवं उत्तर लिहिलं होतं, 'दोघांना बसवून बोलावं.'

दुसरी अडचण पाठांतराची. संविधानाची कलमं आशाच्या डोक्यात राहीनात. इथे मात्र मी माझ्या घरच्या मैदानावर होतो. मी कलमांना चाली लावल्या. चौदाव्यापासून सुरू करून एकेका कलमाच्या दोन दोन ओळी रचल्या. नमुना देतो, आपले सर असते तर कदाचित मान डोलावली असती:

एकविसावे कलम सांगते, जीव कुणाचा घेऊ नये,
रीत कायद्याची सोडून, कुणास कोठे नेऊ नये.

पंधरवड्यात आशाला सगळं पाठ झालं. रंजनाला भाकरी थापताना पाठ झालं. ती एकदा ग्रामसभेत सतराव्या कलमाची ओळ चालीवर म्हणाली आणि ग्रामसेवकाने ती कार्यवृत्तात लिहून घेतली. माझी नोकरी संपल्यापासून इतकं समाधान मला मिळालं नव्हतं.

मग धुळ्याला परीक्षा झाली. मी बाहेर लिंबाखाली बसलो होतो. आत काय झालं ते आशाने बसमध्ये सांगितलं. प्रश्न आला बाविसाव्या कलमाचा. आता आपल्या कविता तुला आठवतात ना? मधलं कडवं कुणी एकदम विचारलं तर सांगता येतं का? पहिल्यापासून म्हणत जावं लागतं. आशा चौदाव्यापासून निघाली. मनातच म्हणत होती, पण ओठ हलत होते आणि बोट टेबलावर ठेका धरत होतं. अठराव्यापाशी पर्यवेक्षक बाई आल्या. म्हणाल्या, "काय पुटपुटतेस गं?" आशा म्हणाली, "संविधान." बाईंनी थोडा विचार केला आणि सांगितलं, "गप्प बसून आठव." आशा पुन्हा चौदाव्यावर गेली. असं तीन वेळा झालं. वेळ तिथे गेला, शेवटचे काही प्रश्न राहिले. तरी निकाल चांगला लागला, फार चांगला. नंदुरबार, धुळं तर मिळेलच, पुण्याचं मोठं कॉलेजही मिळू शकेल, असं सगळे म्हणाले. मंडळीत तिच्यासाठी विशेष प्रार्थना झाली. रंजनाने पाड्यावर लाडू वाटले. इथवर सगळं ठीक होतं.

मग कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता. शेवटच्या दिवशी आशा तापाने फणफणलेली. मला म्हणाली, "आजोबा, क्रम तुम्ही लावा, मोठं कोणतं, लहान कोणतं, तुम्हांला कळतं." कळतंच. मी कागदावर कॉलेजं नीट लावली आणि नवापूरला बसस्टँडजवळ दोधूच्या इंटरनेटच्या दुकानात गेलो.

आता तू बरीच वर्षं बाहेर राहिलास, म्हणून आठवण करून देतो. आपल्या गावात पंच बसले की आधी कोण बोलतं? बाहेरगावचा जावई, नवखा पाहुणा. मग तरुण मंडळी. मग जाणते. आणि सगळ्यांत शेवटी कारभारी. त्याच्या आधी कितीही जण बोलले तरी ठरतं ते त्याच्या शब्दाने. मानाची जागा शेवटची, हे आपण आईच्या मांडीवर शिकलो. त्या रीतीने मी यादी लावली. सगळ्यांत शेवटी पुणं. त्याच्या वर धुळं, त्याच्या वर नंदुरबार. असं चढत चढत सर्वांत वर, म्हणजे नवख्या पाहुण्याच्या जागी, जे कॉलेज आमच्यापासून सगळ्यांत लांब, जिथलं काहीच ठाऊक नाही, ते घातलं. ते तुझ्या गावचं.

दोधूने सगळं भरलं आणि त्याच्या बोलीत मला बजावलंही, "गुरुजी, हाऊ क्रम बराबर शे ना? एकदाव लॉक व्हयना म्हणजे मंग देवबी उघाडाव नही."

मी म्हणालो, "मानाप्रमाणे आहे."

"मंग दाबू?"

"दाब."

प्रवेशाची यादी लागली तेव्हा दोधूच डोक्याला हात लावून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही तं यादी उलटी टांगी दिधी!" सरकारच्या कारभारात म्हणे पहिला बोलतो त्याचंच खरं. आशाचे गुण चांगले, त्यामुळे पहिल्या कॉलेजाने तिला लगेच घेतलं. आणि पहिलंच मिळालं की पुढच्या फेऱ्यांत उभं राहता येत नाही, असा नियम. कारभाऱ्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही. पुणं बिचारं शेवटी बोलायला बसून राहिलं. यावर मी खूप विचार केला आहे आणि माझं मत कायम आहे. आपली रीत बरोबर आहे. सगळ्यांचं ऐकल्याशिवाय ठरवायचं नाही, हे कायदा शिकवणाऱ्यांना तरी कळायला हवं होतं.

रंजनाला हे पटलं नाही. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पोरीला कॉलेजात नाही घातलं, नकाशाच्या बाहेर टाकलं." आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, चहा मात्र वेळेवर दिला, त्याने अधिकच वाईट वाटलं. आशाने माझं सगळं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं (वकिलाचा पहिला गुण), आणि म्हणाली, "म्हणजे मला पाहुण्याने पळवलं." हसली. मग हसू गेलं तशी म्हणाली, "जागा सोडली तर वर्ष जाईल आजोबा. आणि एकदा वर्ष गेलं की इकडे मुलीचं काय करतात ते तुम्हांला माहीत आहे." मला माहीत आहे. माझ्या वर्गातून पुढे शिकायला गेलेल्या कितीतरी हुशार मुली मी अशा एका वर्षात हरवलेल्या पाहिल्या आहेत. पुढच्या वर्षी त्या दिसायच्या त्या कडेवर पोर घेऊन, आणि मला पाहून पदर सारखा करायच्या.

रंजना अखेर बोलली ते एवढंच. तिथे आपलं माणूस असेल, आणि त्याचा स्वतःचा होकार असेल, तर पोर जाईल. नाहीतर नाही. ईश्वरचंही तेच. या आठवड्यात मूळ कागद घेऊन कॉलेजात हजर व्हावं लागतं, न झाल्यास जागा दुसऱ्याला जाते. मुलींच्या वसतिगृहात सध्या जागा नाही, दिवाळीनंतर निघेल म्हणतात.

तर असं हे सगळं घडलं. तुझ्याकडून मला काही नको, इमॅन्युएल. आयुष्यभराचा मित्र आहेस, मन मोकळं करावंसं वाटलं, केलं. सोनीबाईंना आणि तुला प्रभू सुखात ठेवो.

तुझा,
दानियल

ता. क. : काही नको असं वर लिहिलं, ते पत्राच्या रीतीला धरून. दिवाळीपर्यंत आशाला तुझ्या घरी एक कोपरा दे. फार खात नाही. पहाटे उठून कलमं म्हणते, पण तुला त्याचा त्रास व्हायचं कारण नाही, आणि सोनीबाईंचं माहेर आमच्याच बाजूचं, त्यांना घरची बोली ऐकायला मिळेल.

ता. क. दुसरा : तुझा होकार आला, असं मी रंजनाला सांगून टाकलं आहे. आशालाही तसंच वाटतं. पाळकसाहेब याला खोटं म्हणतील. मी म्हणतो, खरंच आहे, जरा आधी बोललो इतकंच. तू नकार देणारा माणूस नाहीस हे मला ठाऊक नसतं तर बोललो नसतो.

ता. क. तिसरा : टपालाने हे पत्र वेळेत पोचलं नसतं. ज्या मुलीने आत्ता ते तुझ्या हातात दिलं, तीच आशा. तिच्या मागे पिशव्या घेऊन उभी आहे ती रंजना. ती तुझ्या तोंडाकडे पाहत असेल, कारण तिने तुला आशाच्या बाप्तिस्म्यानंतर पाहिलेलं नाही आणि आपली मुलगी कुणाच्या घरी सोडायची हे ती तुझ्या चेहऱ्यावरून ठरवणार आहे. माझ्यावरचा राग नाताळपर्यंत ठेवून दे. दोघी रात्रभर बसमध्ये बसून आल्या आहेत आणि तू इतका वेळ दारात उभा राहून वाचतो आहेस. आता कागद घडी कर, आणि म्हण, "या, कालपासून वाट पाहतोय."