पोहायला कुणी शिकवलं

अण्णा, गेल्या ऑक्टोबरच्या सुट्टीत मी तुमच्या नातीबरोबर समुद्राच्या तळाशी जाऊन आलो. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. ती झाली तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता ती सतरा वर्षांची आहे, उंचीला माझ्या कानापर्यंत आली आहे. मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमधूनच देते. पाण्यात शिरली की तिला हाका मारमारून बाहेर काढावं लागतं. इथे मुलांना शाळेत जायच्या सुमारालाच पोहायला शिकवतात आणि पहिली परीक्षा पार पडली की पोहण्याच्या कपड्यावर शिवायला एक कापडी बिल्ला देतात. तिला तो मिळाला त्या दिवशी तलावाच्या काठावर सगळे आईबाप टाळ्या वाजवत होते आणि मी तोंड फिरवून काचेबाहेरच्या सायकली बघत होतो. क्लोरीनचा वास सहन होत नाही, असं मी तुमच्या सुनेला सांगितलं. वासाचं खरंच होतं. त्या वासाला मी घर समजत होतो एके काळी, आणि ते मला कुणाला सांगायचं नव्हतं.

आम्ही जर्मनीत वाल्डॉर्फजवळ राहतो. मी तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गावाबाहेर वाळू उपसून उपसून झालेलं एक मोठं तळं आहे, तिथल्या क्लबात पोरीने डाइव्हिंग शिकून घेतलं आणि मग मलाही ओढलं, कारण पाण्याखाली एकट्याने जायचं नसतं, जोडीदार लागतो. त्या तळ्यात पाणी हिरवं आणि हाडं गोठवणारं. हात लांब केला तर आपलीच बोटं दिसत नाहीत. तिला एकदा तरी उबदार, स्वच्छ समुद्रात जायचं होतं. शाळा संपायच्या आधीची ही शेवटची मोठी सुट्टी, पुढच्या वर्षी ती कुठे असेल कोण जाणे, म्हणून मीही हो म्हणालो. कॅरिबियनमधलं एक छोटं डच बेट ठरलं. तिथे प्रवाळ किनाऱ्यापासूनच सुरू होतात. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड असतात, त्यांवर त्या त्या जागेचं नाव. गाडी लावायची, पाठीवर हवेची टाकी चढवायची आणि चालत पाण्यात शिरायचं. तुमच्या सुनेला लुडविग्सहाफेनला तिच्या कारखान्यातून रजा मिळाली नाही, तेव्हा आम्ही दोघंच.

जागा नातीने शोधायच्या आणि आपल्याला घेऊन जाणारे डाइव्हिंगवाले मी शोधायचे, अशी वाटणी झाली. हे काम मला जमण्यासारखं होतं. ऑफिसात मी तेच करतो, कुणाकडून काय घ्यायचं ते पारखून ठरवतो. मी बेटावरच्या बऱ्याच जणांना सारखेच प्रश्न पाठवले: एका गाइडमागे माणसं किती, बोटीवर ऑक्सिजन असतो का, वारा फिरला तर काय करता. आणि शेवटचा प्रश्न, तुमच्याकडे आजवर कधी अपघात झाला आहे का. बहुतेकांनी शेवटचा प्रश्न गाळून बाकीची उत्तरं दिली. एकाने सुरक्षितता हेच आमचं ब्रीद असं काहीतरी लिहिलं. एका मोठ्या सेंटरचे मालक जर्मनच होते, त्यांचं उत्तर लगोलग आलं, सगळे मुद्दे ओळीने, आणि शेवटी 'कधीच नाही'. मला ते फार आवडलं. आणि एका बाईने, तिची एकच छोटी बोट होती, लिहिलं होतं की हो, काही वर्षांपूर्वी माझ्याबरोबर गेलेला एक माणूस वर आला नाही. तेव्हापासून मी चारच्या वर लोक नेत नाही. आणखी काही विचारायचं असेल तर फोन करा, लिहिण्यापेक्षा बोलणं बरं.

मी ते पत्र वाचलं आणि तिला यादीतून काढून टाकलं. एक क्षणही लागला नाही, अण्णा.

रविवारी सकाळी न्याहारीला बसलो असताना पोरीने माझ्या लॅपटॉपवर सगळी उत्तरं वाचली. ती म्हणाली, पापा, हिला का काढलंस, प्रश्नाचं उत्तर तर हिनेच एकटीने दिलंय. मी पावाला लोणी लावत होतो. मान वर न करता मी म्हणालो, "माणूस मेलाय तिच्या हाताखाली. अशा बाईबरोबर मी तुला पाण्यात पाठवणार नाही."

बोलून झालं आणि सुरी हातातच राहिली. हे वाक्य माझं नव्हतं. मी दहा वर्षांचा आहे, आपल्या घराच्या दाराआड उभा आहे, आणि बाहेर ओट्यावर शेजारचे काका आईला सांगतायत, आवाज अगदी मऊ ठेवून सांगतायत: वहिनी, राग मानू नका, पण मूल गेलंय त्यांच्या हाताखाली, अशा माणसाकडे पोरांना कसं पाठवायचं. आई "बरं" म्हणते आणि दार लावते. मग वळून मला बघते आणि भाकरी थापायला बसते.

तुम्ही नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवत होतात. गावातली निम्मी पोरं तुमच्या हाताखालून तरंगायला शिकली. त्या दिवशी सकाळची बॅच संपली, मुलं कपडे करायला गेली आणि तुम्ही मागच्या खोलीत ब्लीचिंग पावडर काढायला गेलात. एक मुलगा तेवढ्यात परत पाण्यात उतरला होता. चौकशी झाली तेव्हा नगरपालिकेच्या साहेबांनी स्वतः तुम्हाला वाट काढून दिली होती, हे आईने मला खूप उशिरा सांगितलं. फाटकाची कडी मोडकी होती, राखणदार तसं सांगायला तयार होता, तुम्ही फक्त गप्प राहायचं होतं. तुम्ही म्हणालात, "मुलं बाहेर आली की मी रोज मोजतो. त्या दिवशी मोजली नाहीत." बस, एवढंच. आणि ते गावभर झालं. गप्प राहिला असतात तर लोक हळहळले असते आणि विसरले असते; तुम्ही बोललात म्हणून त्यांना ते विसरता येईना.

चौकशीचा निकाल लागेपर्यंत तलाव चालू होता. त्या उन्हाळ्यात तुमच्या बॅचला मी एकटाच. रोज सकाळी तुम्ही शिट्टी वाजवायचात, जसे काही काठावर चाळीस पोरं बसली आहेत, आणि अख्ख्या तलावात मी एकटा हातपाय मारायचो. "पाय वाया घालवू नको," तुम्ही काठाकाठाने चालत ओरडायचात, "गुडघ्यातून नको, कमरेतून." मी बाहेर आलो की माझ्या ओल्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणायचात, "एक." मला हसू यायचं. तुम्हाला नाही यायचं. दिवाळीच्या सुमाराला त्यांनी तुमची बदली पाणीपुरवठ्यात केली, पंपहाउसवर, आणि निवृत्त होईपर्यंत तुम्ही तिथेच. पाण्याच्या इतक्या जवळ, पण पुन्हा कधी पाण्यात उतरला नाहीत.

यातलं काहीही मी त्या सकाळी पोरीला सांगितलं नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की तिचे ओपा, म्हणजे आजोबा, पाणीपुरवठा खात्यात होते. ते खोटं नाही. मी म्हणालो, बरं, तुला पटत असेल तर बघ. तिने स्वतःच त्या बाईला फोन लावला, बराच वेळ बोलली, आणि मग आमचा समझोता झाला: पहिले दोन दिवस जर्मन सेंटर, मग उरलेले त्या बाईकडे. मनातून मी ठरवलं होतं की पहिल्या दोन दिवसांनंतर काहीतरी कारण काढू.

जर्मन सेंटरमध्ये काही वाईट झालं नाही, हेही सांगायला हवं. बोट मोठी, माणसं भरपूर, सगळं वेळेवर. पोरगी म्हणाली छान होतं, पण आपण कोण हे त्यांना संध्याकाळपर्यंत कळलं नसेल. कारण काढायला मला तोंड राहिलं नाही.

ती बाई बेटावरचीच, साधारण माझ्या वयाची, केस अगदी बारीक कापलेले. आम्ही गेलो तेव्हा टाक्या गाडीत चढवत होती. मी माझी निवडलेली ठिकाणं सांगितली: बुडालेलं मालवाहू जहाज आधी, मग मिठाच्या धक्क्याखालचे खांब. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, जहाज खोल आहे, आधी तुम्हा दोघांना उथळ पाण्यात बघते. एका पिवळ्या दगडापाशी गाडी लावून तिने आम्हाला किनाऱ्यावर उभं केलं आणि आम्ही न विचारता त्या माणसाबद्दल सांगितलं. तो फोटो काढायला मागे थांबला होता आणि मी पुढे बघत होते, असं ती म्हणाली. कारणं दिली नाहीत. मग म्हणाली, म्हणून आता मी सारखी मागे वळून बघेन, त्याचा कंटाळा येईल, पण चालवून घ्या. मी खाली मान घालून पायात फिन्स चढवत राहिलो. तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

खाली काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. इतकं स्वच्छ पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. वर बघितलं की ढगसुद्धा दिसत होते. एका दगडाच्या फटीत ऑक्टोपस होता. तो डोळे मिचकावत रंग बदलत होता आणि मी बघत राहिलो. वळलो तर पोरगी नव्हती. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, खाली निळं निळं होत गेलेलं पाणी. कानात फक्त माझाच श्वास. तिचा जोडीदार मी होतो, अण्णा, तिच्यावर नजर ठेवायचं एवढं एकच काम मला होतं. किती वेळ गेला कोण जाणे, फार नसेल. मग त्या बाईने माझा दंड धरला आणि बोट दाखवलं. पोरगी माझ्याच मागे होती, थोडी वर, माझ्या पाठीशी तरंगत, ऑक्टोपसच बघत. ती पूर्ण वेळ तिथेच होती. बाईने माझ्या डोळ्यांत बघितलं, माझ्या श्वासाचे बुडबुडे बघितले आणि अंगठा वर केला: चला, पुरे, वर.

किनाऱ्यावर मी टाकीसकट वाळूत बसलो. पोरगी म्हणाली, पापा, मी तर तिथेच होते. मी मान हलवली. बाई गोड्या पाण्याच्या पिंपात आमचं सामान विसळत होती. तिने फक्त माझ्याकडे बघून विचारलं, "तुला पोहायला कुणी शिकवलं? पाय अजिबात वाया घालवत नाहीस. असं आता कुणी शिकवत नाही."

तुमचा शब्द, अण्णा. सात समुद्रांपलीकडची एक बाई तुमचाच शब्द वापरून तुमची चौकशी करत होती, आणि ती अशी एकच बाई असेल जिला सगळं सांगितलं असतं तर एकही प्रश्न विचारावा लागला नसता. पोरगी शेजारी केस पिळत उभी होती. मी म्हणालो, "शाळेत."

बाई "अच्छा" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली आणि पुन्हा विसळायला लागली. पुढचे सगळे दिवस आम्ही तिच्याकडेच गेलो. जहाजही बघितलं, मिठाचा धक्काही. पोरगी आणि ती चांगल्या मैत्रिणी झाल्या, अजून एकमेकींना फोटो पाठवतात. निघताना तिने माझा हात हातात घेतला, तेव्हाही मी आभारच मानले, बाकी काही नाही. यादीतून तिला काढलं होतं हे तिला कधी कळणार नाही. तुमचं नाव मी घेतलं नाही हे तुम्हाला तरी कुठे कळणार आहे.

तेव्हापासून ते मला खातंय. आपल्या गावच्या लोकांवर मी वर्षानुवर्षं मनात राग धरून बसलो होतो. त्यांची तोंडं बघायला नकोत म्हणून तुमच्या माघारी तिकडे जायचंही सोडलं. त्यांनी निदान दारात येऊन, मऊ आवाजात का होईना, तोंडावर सांगितलं होतं. मी तेवढंही केलं नाही.

परवा जेवताना पोरीने सहज विचारलं, ओपाला पोहता यायचं का. तुमची सून माझ्याकडे बघायला लागली. तिला थोडं माहीत आहे, सगळं नाही. मी म्हणालो, "थोडंफार." पोरीने "आख सो", म्हणजे असं होय, म्हणून आमटी वाढून घेतली.

आत्ता दुपार आहे आणि ती टेबलाच्या पलीकडे परीक्षेचा अभ्यास करत बसली आहे. मघाशी तिने विचारलं, काय लिहितोयस इतका वेळ. पत्र, म्हटलं, तुझ्या ओपाला. मला वाटलं होतं ती हसेल. ती म्हणाली, वाचून दाखव ना. मी म्हणालो, नंतर. अण्णा, तिला ऐकलेलं मराठी समजतं, पण वाचता येत नाही. मी कधी अक्षरं शिकवलीच नाहीत. हे पत्र मराठीत लिहायला घेतलं ते तुमच्यासाठी, असं पहिल्या ओळीला मला खरोखर वाटत होतं. पण ते इथे टेबलावर उघडं राहिलं तरी चालावं, म्हणून मी ते मराठीत लिहिलं आहे.