दादानं कवितेत आई मारली

३ फेब्रुवारी

आईला भेटायला वैरागहून तिच्या माहेरच्या बायका जीप भरून वळसंगला आल्या. भेटायला म्हणजे — रडायला! गल्लीच्या तोंडापासूनच हंबरडा. आणि आई दारात बसून तूर पाखडत होती. शेजारच्या कल्लप्पाकाकांनी फोनवर हसत हसत सांगितलं, "तुजी आई सुपासकट उटून बगायली, कोन मेलं म्हणून!"

दादाचा व्हिडिओ. दुसरं काय असणार. पांढरा झब्बा, मिटलेले डोळे आणि ती कविता — 'आईच्या मातीला मी उशिरा पोचलो'. सगळ्या महाराष्ट्राला रडवलं त्यानं. आता माहेरच्यांनाही.

आई ठणठणीत आहे! परवा शेळीमागं धावत होती!

४ फेब्रुवारी

दादाला फोन केला. "अगं रेश्मा, कवितेतली आई म्हणजे आपली आई नसते. ती सगळ्यांची असते."

"मग रडायला सगळ्यांच्या घरी जाऊ देत की. आपल्याच दारात का आले?"

"तुला तरी कळायला हवं. तू पण लिहितेस ना."

तू *पण*! हा 'पण' मी किती वर्षं गिळतेय. संमेलनात माझी ओळख काय, तर 'कविवर्य दिग्विजयरावांच्या भगिनी'. माइक हातात यायच्या आत सूत्रसंचालक वेणीमाधव सर कानाशी — "ताई, छोटी घ्या हं, वेळ कमी आहे." एक संग्रह काढला मी. शाळा सांभाळून, पहाटे उठून लिहिलेला. गावात कुणी पान उलटलं असेल तर शपथ!

९ फेब्रुवारी

दादा आज नाशिकला, परवा कोल्हापूरला. कारखान्यातली कारकुनी सोडली, आता फक्त कविता. शाली ठेवायला कपाटात जागा नाही म्हणे.

एक मात्र खरं. उजनीकाठी नोकरीला होता तेव्हाच्या, पाणी उपसणाऱ्या मोटारींवरच्या त्याच्या जुन्या कविता चांगल्या आहेत. फार चांगल्या. त्या कुणी म्हणूच देत नाही. सुरू केली की मागून ओरडतात, "मातीला! मातीला!" आणि हा लगेच डोळे मिटतो. नको म्हण की एकदा! एकदा तरी!

१६ फेब्रुवारी

वळसंगला गेले. मला वाटलं आई चिडलेली असेल. ती हसली. "मेल्याची आवई उटली की मानूस लई जगतं."

मग भाकरी उलटता उलटता, माझ्याकडं न बघता — "रेश्मा, त्यो खरंच उशिरा येनार हाय का गं?"

काय सांगू? कवितेतलं सत्य वेगळं असतं म्हणून?

येताना एसटीत मुठी आवळून बसले होते. सोडणार नाही मी त्याला.

२७ फेब्रुवारी

भाषा दिनाचं संमेलन. आईला घेऊन गेले. मुद्दाम. इरकल नेसवली, पहिल्या रांगेत बसवली.

माझी कविता दुसरी. छोटी घेतली. टाळ्याही छोट्या.

दादा शेवटी. माइकपाशी आला, समोर आई दिसली आणि त्याचा चेहरा उतरला. मोटारींवरची कविता काढली त्यानं. दोन ओळी झाल्या नाहीत तोच मागून — "मातीला! मातीला!" दादा आईकडं बघत राहिला. वाटलं, आज नाही म्हणेल. डोळे मिटले आणि सुरू केली!

माझ्या शेजारची बाई मुसमुसून रडत होती. कविता संपली, सभागृह उभं राहिलं. माझं डोकंच फिरलं. आईचा हात धरला, स्टेजवर नेलं, माइक ओढून घेतला. "ही बजाबाई. आमची आई. कालच तिनं शेंगाचटणी कुटलीय."

मग हशा. असा हशा, की छप्पर उडावं! सगळ्यांचे मोबाईल वर. दादा पडद्यामागून निघून गेला.

रिक्षात आई बाहेरच बघत बसली. मला वाटलं, समाधान वाटलं असेल.

३ मार्च

'मेलेली आई स्टेजवर!' — नवा व्हिडिओ. जुन्यापेक्षा जोरात चाललाय. जे रडले होते तेच आता शिव्या देतायत. दादाचे कार्यक्रम रद्द. फोन बंद.

आणि वेणीमाधव सरांचा मला फोन! आवाजात साखर. "रेश्माताई, पुढच्या महिन्यात तुम्हाला स्वतंत्र अर्धा तास देतो. सुरुवात त्या प्रसंगानंच करा. लोकांना तेच हवंय."

"आणि माझ्या कविता?"

"त्या घ्या की शेवटी. एखादी. छोटी."

काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शाळेतल्या बाईच्या तोंडी शोभणारं तर नाहीच!

८ मार्च

आईचा फोन. कल्लप्पाकाकांच्या मोबाईलवरून. मला वाटलं तब्येतीचं काही. तर फाडफाड बोलायला लागली —

"माज्या लेकराला चारचौघांत हसं केलंस! मला इचारलंस का? त्यानं इचारलं न्हाय, तूबी इचारलं न्हाईस! दोगंबी मला घेऊनच मोटं व्हायला बगताव!"

तोंडात मारल्यासारखं झालं. मी मोठी व्हायला बघत होते? मी?!

मग आवाज खाली आणून म्हणाली, "दिग्या हितंच हाय. जेवत न्हाय. ये तू."

मी का जाऊ? चूक त्याची. नाही जाणार.

९ मार्च

गेले.

दादा ओसरीवर भिंतीला टेकून बसलेला, दाढी वाढलेली. माझ्याकडं बघितलंही नाही. आईनं दोघांच्या मध्ये पाट टाकला आणि बसली. "तितं समदी रडत व्हती, मला काय धड ऐकूच आलं न्हाय. म्हन आता. सगळी म्हन."

"आई, नको."

"मेल्यावर मला ऐकाय येनार हाय व्हय?"

दादानं डोळे मिटले नाहीत. आईकडं बघत तोंड उघडलं — आणि शब्दच नाहीत. गावोगावी म्हटलेली कविता, पहिली ओळसुद्धा आठवेना.

मग मी म्हटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठंही न अडखळता.